मंजुश्रीचा उंटकटारा

"बोंड धरलं व यानं," तुराट्यांच्या कुडावरून वाकून वच्छलाबाई म्हणाली. "आता काय करशीन याचं? भाजी?"

केसरबाई उकिडवी बसून त्या हिरव्या गोळ्याकडे पाहत होती. सुपारीपेक्षा थोडा मोठा, अंगभर टोकदार, देठावर ताठ उभा. काल संध्याकाळी तो नव्हता, निदान तिला दिसला नव्हता. पाच झाडांपैकी मधल्याला तो आला होता आणि बाकीच्या चौघांच्या शेंड्यातही काहीतरी घट्ट होऊ लागलं होतं.

"निळं होईन ते," ती शेवटी म्हणाली. "गर्द निळं. आभायापेक्षाबी निळं होते, मंजू सांगे."

"उटकटारा, अन् निळा?"

"आपला नोहे हा. बाहेरदेशचा हाय. पाकिटातून आला."

वच्छलाबाईने पदर तोंडाला लावला, हसू लपवायला की काय कोण जाणे. बाई वाईट नव्हती. केसरबाईची लेक मंजुश्री गेली तेव्हा या घरात आठ दिवस चूल पेटली नाही आणि आठही दिवस भाकरी तिच्याच घरून आली. पण ज्या अंगणात गुलाब नाही, शेवंती नाही, तिथे कुणी काटेरी तण राखून त्याला दोन वेळा पाणी घालत असेल, तर शेजारणीने हसायचंही नाही म्हणजे फारच झालं.

उंद्री गावात आता हा चेष्टेचाच विषय होता. परवा उकंडराव भुईमुगाच्या निंदणाचं सांगायला आले, तर मोटरसायकल बंद न करताच म्हणाले, "केसरबाई, माह्या वावरात तू याची एक काडी ठेवत नाही, अन् घरी शेती करून राह्यली? सांगतलं असतं तं ट्रॉलीभर धाडला असता."

केसरबाई हसली होती. उकंडरावांच्या बोलण्यात विष नसायचं. बावीस वर्षं ती त्यांच्या वावरात जात होती आणि बावीस वर्षांत त्यांनी तिच्या मागे उभं राहून कधी काम पाहिलं नव्हतं. इतर बायकांच्या पातीतून, निंदलेल्या पट्ट्यातून, ते सावकाश चालत, वाकून एखादी काडी उचलून दाखवत. तिच्या पातीतून मात्र सरळ निघून जात.

तिच्यासारखी निंदणारी बाई उंद्रीच्या शिवारात नव्हती. असं तिने कधी म्हटलं नाही, पण तिला ते पक्कं ठाऊक होतं. दोन पानांवरचं रोपटं पाहून ते पीक आहे की तण हे ती सांगे. खरं तर सांगतही नसे, तोवर तिच्या हाताने ते उपटलेलं असे. बाकीच्या बायका अर्ध्यात असताना ती बांधावर बसून पाणी पीत असायची. नवरा सहदेव अकरा वर्षांपूर्वी गेला. त्यानंतर याच दोन हातांनी मंजुश्रीला चिखलीला ठेवलं, मग अमरावतीला ठेवलं. पोरगी एम.एस्सी. झाली, झाडापाल्याचं सगळं शिकली. गावात आली की बांधावरच्या गवताचीही इंग्रजी नावं घ्यायची आणि केसरबाईला उगाच वाटायचं, आपण ज्यांना आयुष्यभर उपटत आलो त्यांचीही कुणीतरी बारशी केली आहेत.

चिखलीतल्या एका कॉलेजात मंजुश्री सहा वर्षं शिकवत होती, तासिका तत्त्वावर. पोरं तिला मॅडम म्हणायची. कॉलेजच्या दारात भिंतीवर मोठा फलक होता, त्यावर सगळ्यांची नावं होती, अगदी शिपायांचीसुद्धा. तासिकेवाल्यांची नव्हती. केसरबाई एकदा लेकीचा डबा घेऊन गेली होती. तिला वाचता येत नव्हतं, पण मंजुश्रीने पाटीवर गिरवलेलं स्वतःचं नाव तिच्या डोळ्यांत बसलं होतं. तिने फलक वरून खाली दोनदा पाहिला आणि डबा देऊन परत आली. घरी काही बोलली नाही.

गेल्या भाद्रपदात पोरीने बंगलोरहून बियाण्याचं पाकीट मागवलं. पाकिटावर चेंडूसारखं निळं फूल होतं. पिशव्यांत बी टोकताना ती म्हणाली, "बाहेरच्या देशात हा बागेत लावतेत, माय. फुलदाणीत ठेवतेत."

"काय लावतेत?"

"उटकटारा. निळा."

केसरबाई त्या दिवशी चिडली होती. "म्या चाळीस वर्सं लोकाच्या वावरातून उपटला, अन् तू पैशानं आनून दारात लाव. लोक थुंकतीन तोंडावर."

"म्हनूनच लावतो," मंजुश्री म्हणाली होती. "ज्यानं तुह्या हाताची चाळणी केली, त्याले एकदा फूल म्हनून पाह्य तं खरं."

कॉलेजात दरवर्षी फेब्रुवारीत विज्ञान दिनाला झाडाफुलांचं प्रदर्शन भरे. टेबलावर कुंडी, कुंडीपुढे कार्ड, कार्डावर झाडाचं नाव आणि ज्याने ते वाढवलं त्याचं नाव. मंजुश्रीच्या मनात यंदा आपला निळा उंटकटारा तिथे ठेवायचा होता. "कार्ड तं लावाच लागते त्याहिले," ती हसून म्हणाली होती. फलकाचं तिलाही लागलेलं होतं, हे केसरबाईला तेव्हा कळलं.

पाच रोपं जगली. आश्विनात तिने ती अंगणात लावली, प्रत्येकाशेजारी एक काडी रोवली. आणि त्याच आठवड्यात तिला ताप आला. केसरबाईने कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हणाली, साधा ताप आहे, उन्हात बसून बसून आला. गवती चहाचा काढा दिला. चौथ्या दिवशी बुलडाण्याला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, उशीर केला. सातव्या दिवशी सगळं संपलं. एकोणतीस वर्षांची पोरगी, सात दिवसांत.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, मंडप निघाला, पाहुणे गेले. मग एका सकाळी केसरबाई बाहेर आली आणि तिने अंगण पाहिलं. मांडववाल्यांनी खड्डे केले होते, शंभर माणसांनी माती तुडवली होती, रोवलेल्या काड्या कुणी चुलीला घातल्या होत्या. वर परतीचा पाऊस पडून गेलेला. सगळीकडे गवत माजलं होतं आणि गवतात लहान लहान काटेरी पानांची वीस-पंचवीस रोपं उगवली होती. बांधावरचं बी वाऱ्याने येतं ते आलं होतं, आणि त्यातच कुठेतरी मंजुश्रीची पाच होती.

ती खुरपं न घेताच बसली. रडायचं होतं, रडू येईना, म्हणून हात चालवत राहिली. दुपारपर्यंत अंगण स्वच्छ झालं आणि मध्ये पाच रोपं उरली. टवटवीत, जाड कण्याची, पान पान ताठ. आता आपण मेलो तरी चालेल पण ही मरता कामा नयेत, असं तिने ठरवून टाकलं. घरात मंजुश्रीचे कपडे होते, पुस्तकं होती, पण ती वाढत नव्हती. वाढत होतं ते एवढंच.

पूनम दर रविवारी फोन करायची. ती मंजुश्रीबरोबरच कॉलेजात तासिकेवर होती, दोघींत मिळून एक टेबल होतं. "मावशी, मी सरांशी बोलले," ती म्हणाली. "मंजूचं झाड ठेवू म्हणाले. कार्ड मी माझ्या हातानं लिहिते. सत्तावीसला येते न्यायला."

त्या दिवसापासून केसरबाईचं बोलणं बदललं. पाण्याच्या नळावर, पिठाच्या गिरणीत, निंदणाच्या पातीवर, जी भेटेल तिला ती सांगू लागली, माह्या मंजूचं नाव कॉलेजात लागून राह्यलं. फूल निळं होणार, पोरं बघायला येणार, फोटो निघणार. ऐकणाऱ्या बायका मान हलवत. दुःखात माणूस काहीबाही बोलतं, एवढं कळण्याइतक्या त्या शहाण्या होत्या.

पंचवीस तारखेला सकाळी गोळा उमलला.

केसरबाई तांब्या घेऊन बाहेर आली आणि जागच्या जागी उभी राहिली. गोळ्याच्या वरच्या अंगाला बारीक बारीक फुलं उघडली होती. पांढुरकी, धुतलेल्या तांदळाच्या पाण्यासारखी, आत कुठे जांभळी झाक असली तर असली. उन्हाळ्याच्या तोंडाशी कोणत्याही बांधावर, कोणत्याही पडीक तुकड्यात दिसतं तेच फूल. हे फूल तिने किती वेळा खुरप्याने उडवलं असेल याची मोजदाद नव्हती.

तिला लगेच कळलं. पण कळलेलं मानायला ती तयार नव्हती. रंग मागून चढत असेल, टमाटा नाही का आधी हिरवा असतो, असं तिने स्वतःशी म्हटलं आणि त्या दिवशी कामावर गेली नाही. दुपारी पाहिलं. दिवस मावळताना पाहिलं. सव्वीसला दुसऱ्या झाडाचा गोळा उमलला, तोही तसाच. वच्छलाबाई कुडाजवळ आली आणि वाकून पाहून यावेळी पदर तोंडाला न लावताच आत गेली. तिने हसायला हवं होतं. हसली असती तर केसरबाईला भांडता आलं असतं.

सत्तावीसला पूनम अकराच्या बसने येणार होती. केसरबाई सकाळी न्हाली, पांढरं लुगडं नेसली आणि फळीवरून निळीची बाटली काढली. मंजुश्रीच्या कॉलेजच्या पांढऱ्या ओढण्यांना ती हीच नीळ द्यायची. तिने वाटीत चार थेंब टाकले, थोडं पाणी घातलं, चिंधीचा बोळा बुडवला आणि मधल्या झाडापुढे बसून त्या गोळ्याला हळूहळू टिपू लागली. काट्यांत चिंधी अडकत होती. नीळ कुठे चढली, कुठे ओघळली, देठावर उतरली. आपण काय करतो आहोत हे तिला नीट दिसत होतं आणि लाजेने तिचे कान तापले होते, तरी ती टिपतच राहिली. एक दिवस टेबलावर राहिलं तरी बस. एक दिवस, आणि पुढे ते कार्ड.

पूनम आली तेव्हा तिच्या हातात रिकामी कुंडी होती, खांद्याला पर्स. आल्या आल्या तिने केसरबाईला मिठी मारली. मग झाडांकडे वळली आणि थबकली.

"हे पाह्य, झालं निळं," केसरबाई घाईघाईने म्हणाली. "लय जोरात आलं. तू फक्त खालून खोद, मुळाले धक्का नको लागू देऊ."

पूनम खाली बसली. तिने गोळ्याला बोट लावलं. बोट निळं झालं. तिने ते पदराला पुसलं नाही, मिटून मुठीत घेतलं. शेजारचा पांढुरका गोळा तिने पाहिला, खालचं पान पाहिलं. मग मान वर न करता म्हणाली, "मावशी, चांगलं वाढवलं तुम्ही."

"खोटं नको बोलू, पूनम."

पूनमने मूठ आणखी आवळली.

"हा बांधावरचाच हाय ना?"

"हो."

"मंग तिचे कुठी गेले?"

पूनमने पर्समधून मोबाईल काढला, खूप मागे जाऊन एक फोटो शोधला. मंजुश्रीने सप्टेंबरमध्ये पाठवलेला. काळ्या पिशवीत रोप आणि पिशवी धरलेला मंजुश्रीचा हात, अंगठ्याच्या नखात माती. केसरबाई आधी त्या अंगठ्याकडेच पाहत राहिली. मग पूनमने दोन बोटांनी पान मोठं केलं. रुंद पान, गर्द हिरवं, कडेला काटे होते पण बारीक, कोवळे, नुसते नावाला.

"याचा काटा मऊ असतो, मावशी. मोठं झालं तरी आपल्याकडच्याइतका टोचत नाही."

केसरबाईने फोटोवर बोट ठेवलं. चित्र सरकलं, पूनमने पुन्हा जागेवर आणलं.

"हे म्या उपटलं," केसरबाई म्हणाली.

"मावशी, तुम्हाला कसं कळणार..."

"मले नाही तं कोनाले कळनार व? उपटलं म्या. पाचही. टोचलं नाही, सहज हातात आलं. मुरगळलेलं होतं, लोकाइच्या पायाखाली आलेलं. म्या म्हनलं, माह्या मंजूचं असं लेचंपेचं नसंन. तिचं हे दांडगं असंन." ती थांबली. "वावरात म्याच पोरीइले शिकवतो, जे दांडगं दिसते ते आधी पाह्यजा. पेरलेलं कवळं असते, आपसुक आलेलंच जोरात राह्यते. अन् म्याच..."

दुर्लक्षाने तण वाचलं असतं तर निदान चुकून राहिलं असं म्हणता आलं असतं. तिने मायेने वाचवलं होतं. लेकीचं जे असेल ते सगळ्यात बळकट असावं, या एका वेड्या हट्टापायी चाळीस वर्षांची नजर एका दुपारी आंधळी झाली होती. आणि लेकीच्या त्या तापालाही याच नजरेने साधा म्हटलं होतं. तिने कपाळ गुडघ्यांवर टेकलं.

पूनमचे डोळे भरले होते. "मावशी, ते तसंही जगलं नसतं. ते थंड हवेतलं झाड. आपल्याकडचा मार्च-एप्रिल त्याला सोसला नसता, खरंच सांगते."

"जगलं असतं," केसरबाई म्हणाली. "म्या पानी घातलं असतं."

कुडापलीकडे वच्छलाबाईची भांडी वाजत होती, ती मध्येच थांबली आणि पुन्हा वाजू लागली. शेवटी पूनमने पर्समधून कार्ड काढलं. जाड पांढरा कागद, त्यावर काळ्या शाईत वळणदार अक्षर. वर झाडाचं नाव, खाली कु. मंजुश्री सहदेव अंभोरे.

"मावशी, हेच नेऊ या का? हाही उंटकटाराच आहे. मी वरचं नाव बदलते. औषधी आहे म्हणून लिहिते. खालचं नाव तर तेच राहील. पोरं वाचतील."

केसरबाईने कार्ड हातात घेतलं. खालच्या ओळीत नावाचं पहिलं अक्षर तिने ओळखलं, दुसरं ओळखलं. नाव बरोबर होतं. तिने ते दोन्ही हातांनी धरून पूनमला परत दिलं.

"तिच्या नावावर तन नको ठेवू, माय."

"मग नाव?"

"राहू दे. त्या फलकावर तरी कुठी होतं?"

पूनमने दुसरं बियाणं मागवायचं म्हटलं, पुढच्या पावसाळ्यात आपण दोघी लावू म्हटलं. केसरबाईने नुसती मान हलवली. ते बी मंजुश्रीने टोकलेलं नसणार, हे तिने बोलून दाखवलं नाही. पोरगी लांबून आली होती, तिला रिकाम्या हाताने जाताना आणखी ओझं कशाला. दोन वाजताच्या बसला ती तिला स्टँडपर्यंत सोडून आली. कुंडी पूनमने हातात उलटी धरली होती.

दुसऱ्या दिवशी विज्ञान दिन होता. केसरबाई उकंडरावांच्या वावरात भुईमूग निंदायला गेली. सात बायका होत्या. नेहमीसारखी पहिली पात तिला सोडून बाकीच्यांनी आपापल्या धरल्या. काल काय झालं हे वच्छलाबाईकडून सगळ्यांना कळलं असावं, कारण कुणी काही विचारलं नाही. उन्हं कोवळी होती, माती अजून गार होती.

चार-पाच वितींवर तिला काटेरी पानांचं एक रोपटं लागलं. हात सवयीने पुढे गेला आणि थांबला. तिने खुरपं खाली ठेवलं, बोटाला गुंडाळलेली चिंधी सोडली, पानाची कड उघड्या बोटावर घेतली आणि दाबली. काटा खचकन रुतला. मग तिने ते उपटलं. पुढे दुसरं होतं. त्याचंही पान तिने बोटावर घेऊन दाबलं. मग तिसऱ्याचं. मग ती केण्यासारख्या बिनकाट्याच्या तणाचीही पानं उलटून पाहू लागली, दुधाणीचीही, ज्यांच्यात पाहण्यासारखं काही नव्हतं त्यांचीही.

बायका पुढे गेल्या. त्यांचं बोलणं लांब गेलं. कुणीतरी मागे वळून म्हणालं, "केसरबाई, ये ना व," आणि कुणीतरी तिला गप्प केलं.

उकंडराव बांधावरून येताना त्यांना तिची पात दिसली. बाकीच्या सहा जणी पलीकडच्या टोकाला पोचून पाणी पीत होत्या आणि ही अजून अलीकडच्या पाव हिश्शात होती. ते तिच्या मागून चालत आले. पातीत एक काडी उरलेली नव्हती. त्यांनी तिचा हात पाहिला, बोटांची टोकं लाल झाली होती.

"केसरबाई, बरं नसंन तं घरी जा," ते म्हणाले. "हाजरी लावतो मी."

"बरी हाय मालक," ती म्हणाली. "पाहून पाहून काढून राह्यली."

उकंडरावांनी पायातल्या चपला काढल्या, तिच्याच पातीची दुसरी कड धरली आणि तिच्या पुढे न जाता, तिच्याच बरोबरीने, हळूहळू निंदू लागले.